गाडीवरच्या सीबी अँटेनाचं ट्यूनिंग: कटर सगळ्यात शेवटी

सीबीचा (सिटिझन्स बँड, म्हणजे गाडीतून एकमेकांशी बोलायच्या रेडिओचा) अँटेना जुळत नाहीये असं कोणी म्हटलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: माउंटखालचा, म्हणजे अँटेना गाडीला जिथे बसतो त्या पायाखालचा, रंग खरवडला का? आणि बऱ्याचदा उत्तर येतं की नाही, पण टोक दोनदा कापून बघितलं, एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळलाय ते मीटरवर दाखवणारा आकडा) काही खाली येत नाही. इथेच सगळं उलटं होतं बघा. कापणं हे या कामातलं शेवटचं पाऊल आहे आणि कापलेली सळी काही परत वाढत नाही. आधी गाडीचा पत्रा, मग केबल, मग मीटर, आणि त्यानंतर टोकाचे चार-दोन मिलिमीटर, या क्रमाने गेलात तर पहिल्यांदाच करत असाल तरी एका दुपारचं काम आहे.

आपण नक्की काय जुळवतोय

सीबी चालतो २७ मेगाहर्ट्झच्या आसपास. सगळ्यात जास्त चालणाऱ्या ४० चॅनेलच्या रचनेत चॅनेल १ म्हणजे २६.९६५ मेगाहर्ट्झ, चॅनेल १९ म्हणजे २७.१८५ आणि चॅनेल ४० म्हणजे २७.४०५. तुमच्या सेटमध्ये (म्हणजे रेडिओत) चॅनेल कमी-जास्त असतील तर पुढे मी जिथे १ आणि ४० म्हणेन तिथे तुमचा सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा चॅनेल धरा, गणित तेच आहे. या लहरीची लांबी साधारण ११ मीटर भरते, म्हणून याला ११ मीटर बँड पण म्हणतात. गाडीवर आपण पाव लहरीचा अँटेना लावतो, म्हणजे पूर्ण लांबीचा घेतला तर सुमारे पावणेतीन मीटर. १०२ इंची स्टीलची सळी आणि तिच्याखाली स्प्रिंग, हा जो जुना प्रकार आहे तो याच हिशोबातून आलाय. पण एवढी उंच सळी घेऊन पुलाखालून आणि झाडांखालून जाणं सगळ्यांना जमत नाही, म्हणून मग कॉइल घालून लांबी कमी करतात. कॉइल तळाला असते, मध्ये असते किंवा फायबरग्लासच्या काठीवर वरच्या बाजूला गुंडाळलेली असते. त्याची किंमत अशी मोजावी लागते की अँटेना जितका आखूड तितका तो कमी चॅनेलवर नीट जुळतो, दोन्ही कडांना एसडब्ल्यूआर चढतोच.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पाव लहरीचा अँटेना म्हणजे खरं तर अर्धाच अँटेना आहे, उरलेला अर्धा म्हणजे तुमच्या गाडीचा पत्रा. सळीत जेवढा करंट जातो तेवढाच परतीचा करंट पत्र्यातून यावा लागतो, आणि त्याला रस्ता मिळाला नाही तर तो केबलच्या जाळीवरून बाहेरून वाहत सेटपर्यंत येतो. मग माइक हातात धरला की रीडिंग बदलतं, केबल हलवली की बदलतं, माणूस वैतागतो आणि कटर शोधायला लागतो.

एसडब्ल्यूआर म्हणजे सेट आणि केबल ५० ओमला बनवलेले असतात, अँटेना त्यापासून किती लांब आहे त्याचं माप. १ म्हणजे अगदी जुळलं. १.५ ला पाठवलेल्या पॉवरपैकी साधारण ४ टक्के परत येते, २ ला ११ टक्के, ३ ला २५ टक्के. म्हणजे ४ वॅटच्या सेटचा ३ च्या एसडब्ल्यूआरवर १ वॅट उलटा येतोय, आणि फायनल ट्रान्झिस्टरवर, म्हणजे सेटमधून पॉवर बाहेर पाठवणाऱ्या शेवटच्या ट्रान्झिस्टरवर, त्याचा ताण पडतो. माझं मत विचाराल तर १.५ च्या खाली आलं की थांबा. १.५ वरून १.१ वर आणायला अख्खा दिवस घालवला तरी समोरच्याला ऐकू येणाऱ्या आवाजात काही फरक पडत नाही. २ पर्यंत सेट बिनधास्त चालतो, ३ च्या वर मात्र बोलू नका, आधी दोष शोधा.

आणि अजून एक, एसडब्ल्यूआर चांगला म्हणजे अँटेना चांगला असं अजिबात नाही. ५० ओमचा डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा नुसता रोध) लावला तर मीटर १ दाखवतो आणि सिग्नल गाडीबाहेर जात नाही. चांगल्या ग्राउंडवरच्या (म्हणजे नीट जोडलेल्या पत्र्यावरच्या) पूर्ण पाव लहरीच्या सळीचा रोध खरं तर ३६ ओमच्या आसपास असतो, म्हणजे एसडब्ल्यूआर १.४ च्या आसपास येतो, आणि तो अँटेना उत्तम असतो! कधीकधी खराब ग्राउंडचा वाया जाणारा रोध त्यात मिळून बेरीज ५० होते आणि मीटर खूश होतो. म्हणून मी मीटरच्या आकड्याआधी पत्र्याकडे बघतो.

जागा आणि माउंट

टपाच्या मधोमध, यापेक्षा चांगली जागा नाही. चारही बाजूंना पत्रा सारखा, त्यामुळे सिग्नल पण चारही बाजूंना जवळपास सारखा. अँटेना कोपऱ्यात लावला तर ज्या बाजूला पत्रा जास्त त्या बाजूला सिग्नल जोरात जातो, मागच्या डाव्या कोपऱ्यात असेल तर पुढे उजवीकडे. तेही चालतं, पण कॉइल टपाच्या पातळीच्या वर राहिली पाहिजे. बंपरवर आखूड अँटेना लावून कॉइल डिकीच्या पत्र्याला समांतर अगदी चिकटून उभी असेल तर ते ट्यून करत बसण्यात अर्थ नाही, जागाच बदला. सामान ठेवायचा कॅरियर, शिडी, स्टेपनी यांच्यापासून पण जितकं लांब तितकं चांगलं.

चुंबकाचा माउंट असेल तर तो पत्र्याला विजेच्या तारेसारखा जोडलेला नसतो, मधल्या रंगाच्या थरातून कपॅसिटरसारखा जोडला जातो. म्हणून त्याच्याखाली रंग खरवडायचा नाही, पण धूळ-माती पुसायची आणि तो सपाट पत्र्यावर पूर्ण टेकलाय ना ते बघायचं. प्लास्टिकचं किंवा काचेचं टप असेल तर चुंबक चिकटणारच नाही, आणि ॲल्युमिनियमवर पण नाही. फायबर बॉडीच्या गाडीला ग्राउंड न लागणारा वेगळा अँटेना मिळतो तो घ्या, आणि त्याच्यासोबत आलेली केबल कापू नका, ती केबल त्या अँटेनाचाच भाग असते.

बोल्टने बसणाऱ्या माउंटला मात्र धातूला धातू लागलाच पाहिजे. जिथे माउंटचा कंस (ब्रॅकेट) बसतो तिथला रंग पॉलिश पेपरने नुसत्या चकचकीत पत्र्यापर्यंत काढा, दातेरी वॉशर घाला, नट पान्याने घट्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा म्हणजे गंज धरणार नाही. बॉनेटच्या कडेला, दरवाज्याला, डिकीच्या झाकणाला किंवा ट्रकच्या आरशाच्या दांड्याला माउंट असेल तर फसायला होतं, कारण दिसायला सगळं लोखंडच असतं पण बिजागरीत ग्रीस, आरशाच्या पायथ्याशी रबर, मध्ये रंग, आणि प्रत्यक्षात तो भाग बॉडीला जोडलेलाच नसतो. अशा वेळी चपटी विणलेली तांब्याची पट्टी घ्या, जितकी रुंद आणि जितकी आखूड जमेल तितकी, आणि तो भाग थेट बॉडीला जोडा. साधी बारीक लांब वायर मल्टिमीटरला ग्राउंड वाटेल, पण २७ मेगाहर्ट्झला ती स्वतःच एक कॉइल होऊन बसते.

एका ओळखीच्या पिकअपवर आम्ही असंच केलं. आरशाच्या दांड्यावर फायबरग्लासचा अँटेना, एसडब्ल्यूआर सगळ्या चॅनेलवर ३ च्या वर, गाडीवाल्याने टोकाचा स्क्रू पार आत-बाहेर करून बघितलेला. दांड्यापासून दरवाज्याला आणि दरवाज्यापासून बॉडीला अशा दोन पट्ट्या टाकल्या, टोकाला हातही लावला नाही, आणि मधल्या चॅनेलवर १.६ दिसायला लागला. नंतर स्क्रू थोडा फिरवून बाकीचं झालं.

मल्टिमीटरने तपासणी

सेटच्या बाजूची केबल काढा आणि मल्टिमीटर ओमवर घ्या. आधी त्याच्या दोन्ही टोचण्या एकमेकांना लावून त्यांचा स्वतःचा रोध बघा आणि तो प्रत्येक रीडिंगमधून वजा करा.

पहिलं माप, माउंटचा कंस ते बॅटरीचं निगेटिव्ह. जवळजवळ शून्य हवं, अर्ध्या ओमच्या वर गेलं तर मी परत खरवडायला घेतो. दुसरं, प्लगची मधली पिन ते अँटेना ज्या बोल्टवर बसतो तो बोल्ट, इथेही शून्य. तिसरं, प्लगची बाहेरची कडी ते माउंट, परत शून्य. (चुंबकाच्या माउंटला पहिलं माप लागू नाही, आणि त्याच्या तळाला बहुतेक वेळा रबर असतं म्हणून तिसरंही घेता येत नाही.) चौथं आणि सगळ्यात जास्त चुकणारं, मधली पिन ते बाहेरची कडी. अँटेना काढून ठेवलेला असताना इथे काहीच जोड दिसायला नको. दिसला तर एक तर प्लगमध्ये जाळीचा एखादा केस पिनला लागलाय, नाहीतर माउंटच्या बोल्टवरचा प्लास्टिकचा वॉशर चुकीच्या जागी बसलाय. तो वॉशर बोल्टला कंसापासून वेगळं ठेवतो, त्याचा खांदा कंसाच्या भोकात नीट बसला पाहिजे. तो उलटा किंवा दुसऱ्या बाजूला घातला की बोल्ट थेट ग्राउंड होतो आणि मीटरचा काटा पार टोकाला जातो. नवीन बसवलेल्या अँटेनात हाच दोष मी सगळ्यात जास्त वेळा बघितलाय.

अँटेना बसवल्यावर मात्र पिन आणि कडीमध्ये जोड दिसला तर लगेच घाबरू नका, काही अँटेनांच्या तळाच्या कॉइलचं एक टोक मुद्दाम ग्राउंडला दिलेलं असतं, त्यांना शून्यच दिसतं. अँटेनासोबतच्या कागदावर ते लिहिलेलं असतं.

मापं घेताना केबल जागोजागी हलवून बघा, विशेषतः प्लगजवळ आणि दरवाज्याच्या फटीत जिथे ती चेपते. आकडा नाचला की केबल बदला, टेप लावून वेळ मारून नेऊ नका. केबल ५० ओमचीच हवी, आरजी-५८ किंवा त्याहून जरा जाड, टीव्हीची ७५ ओमची नाही. लांबी १८ फूटच पाहिजे असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात, त्याच्या नादी लागू नका. अँटेना आणि ग्राउंड नीट असेल तर जेवढी लागते तेवढी केबल पुरे. केबलची लांबी बदलून एसडब्ल्यूआर खूप बदलत असेल तर ते चांगलं लक्षण नाही, जाळीच्या बाहेरून करंट वाहतोय असा त्याचा अर्थ, म्हणजे परत ग्राउंडकडे जा.

मीटर लावताना

गाडी मोकळ्या मैदानात न्या. भिंत, विजेच्या तारा, झाड, दुसरी गाडी यांच्यापासून निदान आठ-दहा मीटर लांब. शेडमध्ये ट्यून केलेला अँटेना रस्त्यावर वेगळाच निघतो, यात वेळ घालवू नका. दरवाजे, बॉनेट, डिकी बंद, आणि माणसं अँटेनापासून लांब. तुम्ही पण आत बसूनच रीडिंग घ्या, बाहेर उभं राहून खिडकीतून नाही.

मीटर सेट आणि अँटेनाच्या मध्ये येतो. सेटमधून छोटी जोडकेबल मीटरच्या ट्रान्समीटर लिहिलेल्या बाजूला आणि अँटेनाची केबल दुसऱ्या बाजूला, उलटं लावलं तर आकडे निरर्थक येतात. जोडकेबल एक मीटरच्या आतली ठेवा. अँटेना किंवा डमी लोड लावलेला नसताना माइकचं बटण दाबायचं नाही, सेटचा फायनल जायचा. आणि बटण दाबलेलं असताना कोणी अँटेनाला हात लावायचा नाही, उघड्या धातूला लागला तर चटका बसतो.

सेट एएम किंवा एफएमवर ठेवा. एसएसबीवर (बोलायची तिसरी पद्धत, काही सेटमध्ये असते) न बोलता सेटमधून सिग्नलच निघत नाही त्यामुळे काही दिसत नाही. आधी मधल्या चॅनेलवर या, तिथे कोणी बोलत नाहीये ना ते ऐका. मीटरचं बटण फॉरवर्डवर, माइक दाबा, गप्प राहा, शिट्टी वगैरे मारायची नाही, आणि कॅलिब्रेशनचा नॉब फिरवून काटा मीटरवर SET लिहिलेल्या खुणेवर आणा. मग बटण रिफ्लेक्टवर, आकडा वाचा, माइक सोडा. पाच-सात सेकंदांत उरकायचं. पहिल्याच वेळी काटा ३ च्या पलीकडे गेला तर तिथेच थांबा, पुढचे चॅनेल बघत बसू नका, ग्राउंड आणि वॉशर परत तपासा.

सगळं ठीक असेल तर चॅनेल १ वर जा, परत कॅलिब्रेट करा, वाचा, मग ४० वर तसंच. प्रत्येक चॅनेलला कॅलिब्रेशन नव्याने करायचं, हे विसरलं की आकडे खोटे येतात. दोन काट्यांचा किंवा डिजिटल मीटर स्वतःच हिशोब करत असेल तर नॉबची भानगड नाही. तीनही आकडे वहीत लिहा, सोबत सळी किती बाहेर आहे तेही मिलिमीटरमध्ये. डोक्यात ठेवू म्हटलं तर तिसऱ्या फेरीला हमखास गोंधळ होतो.

आकडे काय सांगतात आणि मग टोक

खालच्या चॅनेलला लांब अँटेना लागतो, वरच्याला आखूड. एवढं लक्षात ठेवलं की बाकी पाठ करायची गरज नाही. चॅनेल १ वर २.२, मध्ये १.७, ४० वर १.४ असं आलं तर अँटेना वरच्या चॅनेलला जुळलाय, म्हणजे आखूड आहे, लांब करा. उलट १ वर १.४ आणि ४० वर २.२ असेल तर लांब आहे, कमी करा. दोन्ही कडांना सारखा आणि मध्ये सगळ्यात कमी, हे आपल्याला पाहिजे.

मध्ये सगळ्यात कमी आहे पण तो कमीसुद्धा २ च्या वर, असं असेल तर लांबी बरोबर आहे! इथे टोकाशी खेळून काही मिळणार नाही. हे ग्राउंडचं किंवा जागेचं दुखणं आहे. पट्ट्या टाका, अँटेना सरकवून बघा.

किती बदलायचं? चॅनेल १ ते ४० मध्ये फ्रिक्वेन्सीचा फरक दीड टक्क्याच्या जरासा वर आहे, म्हणजे पूर्ण लांबीच्या सळीला अख्खा बँड पार करायला साधारण ४ सेंटिमीटर. कॉइलवाल्यात, त्यातही कॉइल मध्ये किंवा वर असेल तर, वरचा तुकडा छोटा असतो आणि त्याहून बऱ्याच कमी बदलाने तेवढाच फरक पडतो. म्हणून एका वेळी ३ मिलिमीटर, आणि परत तिन्ही चॅनेल.

कापायच्या आधी बाकीचे उपाय संपवा. बऱ्याच सळ्या ॲलन कीच्या स्क्रूने धरलेल्या असतात, स्क्रू सैल करून सळी आत सरकवा, मार्करने खूण करून ठेवा. फायबरग्लासच्या काठीला टोपीखाली फिरवायचा स्क्रू असतो, त्याची एकेक फेरी करा आणि प्रत्येक वेळी टोपी परत लावूनच मोजा. सळी पूर्ण आत जाऊनही अँटेना लांबच दाखवत असेल तरच कापायचं. त्यातही काही अँटेनांमध्ये आत सरकलेला भाग कॉइलच्या आत जातो आणि अपेक्षेइतका फरक पडत नाही, म्हणून कापल्यावर सळी परत थोडी बाहेर काढून बघायला जागा ठेवा. चष्मा घाला, सळी माउंटवरून काढा, कटरने किंवा कानशीने ३ मिलिमीटर घ्या, टोक घासून गोल करा आणि गोळी किंवा टोपी परत बसवा. उघडं अणकुचीदार टोक कोणाच्या डोळ्याला लागू शकतं, शिवाय त्यावरून खरखर पण वाढते.

आखूड पडत असेल तर सळी वर ओढा, तेवढं पुरलं नाही तर तळाला स्प्रिंग घाला, तिची लांबी अँटेनात मिळते. स्प्रिंग घातल्यावर पहिल्यापासून परत मोजणी करायची, आधीचे आकडे सोडून द्यायचे.

ट्रकवर दोन अँटेना असतील तर दोन्हीची लांबी कायम सारखी ठेवा, एकाला जेवढं केलं तेवढंच दुसऱ्याला. त्यांच्या जोडणीत ७५ ओमच्या दोन केबल एकत्र येतात, ते बरोबर आहे, ५० ओमच्या घालून सुधारायला जाऊ नका.

मॅचबॉक्स किंवा ट्यूनर सेटजवळ लावून एसडब्ल्यूआर पाडायचा मार्ग पण लोक सुचवतात. त्याने सेटला बरं वाटतं, पण ट्यूनरच्या पुढे केबलमध्ये आणि अँटेनाला जे चाललंय ते तसंच राहतं. मी तो वापरत नाही.

अँटेना ॲनालायझर किंवा छोटा व्हीएनए (अँटेना थेट मोजणारं उपकरण) मिळाला तर काम खूप सोपं होतं, सेट चालू करायचीच गरज नाही आणि एसडब्ल्यूआरचा सगळ्यात खालचा बिंदू नक्की कोणत्या फ्रिक्वेन्सीवर आहे ते थेट दिसतं. तो २६.५ वर दिसला तर लांब, २७.८ वर दिसला तर आखूड, अंदाज लावायलाच नको. ओपन, शॉर्ट आणि ५० ओमचं कॅलिब्रेशन मात्र केबलच्या टोकाला नीट करून घ्या.

मनासारखा आकडा आला की स्क्रू पक्का आवळा आणि परत एकदा मोजा, आवळताना सळी सरकते. मीटर काढून केबल थेट सेटला लावा. बाहेरच्या जोडावर स्वतःशीच चिकटणारी रबर टेप ताणून गुंडाळा, पाणी एकदा जाळीत शिरलं की ती केबल गेली. शेवटचे तीन आकडे आणि सळीची लांबी एका चिठ्ठीवर लिहून मी सेटच्या खालच्या बाजूला चिकटवतो. टपावर कॅरियर बसवला, अँटेना कुठे आपटला किंवा पावसाळा संपला की परत मोजतो, आणि १.५ चा २.५ झालेला दिसला तर सळीला हात न लावता आधी माउंटचा नट उघडतो.